चवळीचा महाल उतरवून खोके आणिल्याची बखर

श्री. प्रथम विघ्ने वारणारा गजवदन, मग घराचा उंबरा राखणारी कुलस्वामिनी, आणि तिसरी ती शारदा, जिच्या कृपेने जे घडले ते घडले तैसेच लिहिता येते, या तिघांस नमस्कार असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. आपली आज्ञा जाहली की, चवळीचा महाल कैसा उभारिला, कोणत्या कारणे उतरविला आणि विहिणीच्या राज्यातून खोके कैसे आणिले, हे वर्तमान मुळापासून लिहोन पाठविणे. त्यावरून जे पाहिले ते पाहिले म्हणोन लिहिले आहे, जे ऐकिले ते ऐकिले म्हणोन लिहिले आहे, आणि माणसांची बोलणी ज्या बोलीत निघाली त्याच बोलीत ठेविली आहेत, सावरिली नाहीत. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचा मुलूख, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस शेजाऱ्यांची सरहद्द, इतके पुरे.

राज्य सुहासिनीबाईंचे. दारावरील पाटी त्यांचे पती अरविंदराव यांच्या नावाची, परंतु किल्ल्या, डबे, आणि कोणाकडे कधी जावे, काय न्यावे याचा हुकूम सुहासिनीबाईंकडे. वय चौपन्न, बोलणे थोडे, हात कामास तयार. अरविंदराव पाटबंधारे कचेरीतून निवृत्त जाहलेले, स्वभावे सज्जन, आणि घरात दोन मते पडली म्हणजे वर्तमानपत्र उघडोन मुखापुढे धरीत. या वर्तमानपत्राचा पुढे संबंध आहे म्हणोन येथे लिहिले. उभयतांस दोन कन्या. थोरली मृण्मयी, औषधांच्या कंपनीत नोकरीस. धाकटी ऋजुता, संख्याशास्त्र शिकोन नुकतीच बाहेर पडलेली. थोरलीचे लग्न ठरले आणि त्याच सुमारास धाकटीस घरी बसोन करावयाचे पहिले काम लाभले. अट एकच, की लॅपटॉप आपला पाहिजे आणि मार्गशीर्ष वद्य पंचमीस सकाळी नऊ वाजता तो चालू पाहिजे, नाही तर यादीतील पुढील नाव घेतील. मग मृण्मयीने माहेरच्या शेवटच्या पगारातून ते घडीचे यंत्र घेतले आणि शुद्ध तृतीयेस बहिणीच्या हाती दिले आणि बोलिली, "मी गेल्यावर रडत बसू नकोस, यावर काम कर." ऋजुता बोलिली, "रडत रडत करीन." मग दोघी हसल्या आणि यंत्र कपाटात गेले आणि खोके कपाटावर गेले.

ते समयी रुखवताची तयारी चालली होती. वधूकडील बायकांनी हाताने केलेल्या वस्तू मंडपात मेजावर मांडाव्या, वरपक्षाने पाहाव्या, आणि मग त्या सर्व मुलीबरोबर सासरी जाव्या, ऐसी रीत. अलीकडे रुखवत तयार विकत मिळते, ते सुहासिनीबाईंस मान्य नव्हते. जाऊबाईंनी सुचविले तेव्हा बोलिल्या, "विकतच मांडायचं तर मुलीची आई म्हणून दुकानदारालाच उभं करा." सुपाऱ्यांची सप्तपदी जाहली, साखरेच्या चौकोनांचे तुळशीवृंदावन जाहले, लोकरीची तोरणे जाहली, परंतु मेजाच्या मध्यभागी उंच ऐसे काही नव्हते. मग त्यांची नजर कपाटावर गेली. खोके पांढरे, पुठ्ठा जाड, कोपरे काटकोनात. टेप लाविला तो लांबी एकोणचाळीस सेंटिमीटर, रुंदी अठ्ठावीस. ते उभे केले आणि महालाची भिंत दिसो लागली. आतील पुठ्ठ्याचे साचे उलटे ठेविले ते गच्ची जाहली, चार्जरचे लहान खोके बुरूज जाहले. ऋजुता बोलिली, "आई, खोकं लागलं तर?" त्या बोलिल्या, "यंत्र बाहेर आलं ना? मग खोक्याची काय पूजा घालायची आहे?" आणि काम सुरू जाहले. भिंतींस चवळी, कमानींस मूग, पायऱ्यांस मसूर, घुमटांस साबुदाणा. बाजारचा डिंक वर्ज्य, आजीपासून चालत आलेली कणकेची खळ तेवढी योग्य. चवळी डब्याच्या तळची, गतवर्षीची. या खळीची आणि या चवळीची आठवण ठेवावी. सहा दिवस काम चालिले आणि नवमीस सायंकाळी अखेरचा घुमट बसला.

दशमीस लग्न जाहले. वरमाई शैलजाबाई, पोस्टाच्या खिडकीवर तीस वर्षे काढोन निवृत्त जाहलेल्या, उंच, बोलण्यास ठाम, त्या महालापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि पुसिले, "हे तुम्ही केलंत?" "हो." "हाताने?" "हो." इतकेच भाषण जाहले, परंतु सुहासिनीबाईंनी ते घरी येवोन अकरा जणांस सांगितले, ही मोजणी ऋजुतेची. महाल मृण्मयीच्या मांडीवर बसोन मोटारीतून नदीपलीकडे विहिणीच्या राज्यात गेला आणि तेथे दिवाणखान्यातील शोकेसमध्ये, लहान दिव्याखाली, स्थानापन्न जाहला.

मग पाहुणे पांगले आणि चतुर्दशीस ऋजुतेने यंत्र उघडिले. चालिले, उत्तम चालिले, आणि बत्तिसाव्या मिनिटास पडदा काळा पडला. पुन्हा चालविले, चौतिसाव्यास काळा. मग तिने वही घेतली आणि चौदा वेळा पाहिले, खिडकीशी, पंख्याखाली, विजेवर, बॅटरीवर. सर्वांत लवकर एकतीस, सर्वांत उशिरा अडतीस मिनिटे, परंतु काळा पडण्याचे एकदाही चुकले नाही. कारण सांगता येत नव्हते, खोड मात्र सिद्ध होती. वद्य प्रतिपदेस मायलेकी दुकानी गेल्या. खिडकीवरील कारभाऱ्याच्या गळ्यात नावाची पट्टी, तीवर तुषार ऐसे नाव. त्याने यंत्र उघडिले, पाच मिनिटे पाहिले आणि बोलिला, "मॅडम, चालतंय की." ऋजुता बोलिली, "बत्तीस मिनिटं थांबा." "एवढा वेळ कोण थांबतं?" "आम्ही थांबतो." आणि त्या थांबल्या. मागे रांग लागली, ती वळसा घालोन दुसऱ्या खिडकीस गेली, आणि तेहेतिसाव्या मिनिटास पडदा काळा पडला. तुषारने मान डोलाविली आणि बोलिला, "बरोबर आहे तुमचं. पंधरा दिवसांत बदलून मिळतं, आज तुमचा तेरावा. बिल?" ऋजुतेने बिल दिले. "खोकं?" येथे ऋजुतेने आईकडे पाहिले. "खोकं घरी राहिलं का?" "घरी नाही." "मग कुठे आहे?" सुहासिनीबाई बोलिल्या, "सासरी." "कोणाच्या?" "मुलीच्या." तुषारने यंत्राकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले, आणि सौम्य शब्दांत सांगितले की, "ज्या खोक्यावर या यंत्राचा नंबर आहे तेच लागतं, मॅडम. आतल्या साच्यांसकट. परवा रात्री आठपर्यंत आणा, मी बसलेलो असतो. नाहीतर कंपनीकडे दुरुस्तीला जाईल, मग दीड महिना तरी धरा." दीड महिना म्हणजे पौष सरेल. काम चार दिवसांवर होते.

घरी मसलत बसली. ऋजुता बोलिली, "ताईला फोन करते. ती खोकं काढून ठेवील, मी जाऊन आणते." सुहासिनीबाई बोलिल्या, "आणि सासूला काय सांगेल? लग्नाला पंधरवडा नाही झाला, आईने रुखवत मागे नेलं म्हणून?" "आई, एक खोकं आहे." "तुला माहीत नाही." ऐसे बोलोन त्या ओट्याशी गेल्या आणि कोरडा ओटा पुसो लागल्या. अरविंदरावांनी वर्तमानपत्र उघडिले.

ऋजुतेस जे माहीत नव्हते ते ऐसे. एकोणतीस वर्षांमागे सुहासिनीबाईंचे लग्न जाहले तेव्हा त्यांच्या रुखवतास शोभा नव्हती म्हणोन वडिलांनी शेजाऱ्यांकडील पितळी लामणदिवा एक दिवसापुरता मागोन आणिला आणि मेजावर टांगिला. मंडप उठतेवेळी गडबडीत कोणी तो दिवाही सामानात घातला आणि तो सासरी गेला. चौथ्या दिवशी वडील आले. उन्हाचे आले, दारातच उभे राहिले, चहा पुढे आला तो घेतला नाही, दिवा परक्याचा आहे ऐसे हळू सांगितले, आणि टॉवेलात गुंडाळोन घेवोन गेले. त्या घरात त्यांस कोणी "बसा" म्हटले नाही. त्या दिवसापासून सासूबाईंस, त्या आता नाहीत, एक वाक्य लाभले. पळी सापडेना, कात्री सापडेना, किल्ली सापडेना, तो त्या म्हणत, "सुहासच्या बापाला विचारा, नेली असेल." रागाने म्हणत नसत, हसोन म्हणत, आणि घर हसे, आणि अरविंदराव वर्तमानपत्र उघडीत. वडील वारले त्या वर्षीही हे वाक्य दोन वेळा जाहले. सुहासिनीबाईंनी उत्तर कधी दिले नाही. फक्त महाल करतेवेळी मनाशी धरिले होते की, या मेजावर मागोन आणिलेले काही नसेल, आणि येथून गेलेले काही परत येणार नाही. आणि आता परत आणणे त्यांच्याच कपाळी आले होते, आणि ते वाक्य या खेपेस मृण्मयीच्या वाट्यास जाईल, हे त्यांस ताटातील मिठाइतके स्पष्ट दिसत होते.

मग ऋजुता येवोन बोलिली, "राहू दे, आई. मी नाव काढून घ्या म्हणून कळवते. काम काय, पुन्हा मिळेल." आणि ती वही मिटू लागली. सुहासिनीबाईंनी पाहिले की चौदा ओळी पट्टीने आखिल्या होत्या आणि पंधरावी ओळ आखोन मोकळी ठेविली होती. मग त्यांनी फडके ठेविले आणि विहिणीस फोन लाविला. "उद्या जरा येतो आहोत. विशेष काही नाही." पलीकडून शैलजाबाई बोलिल्या, "या की. या ना. महाल अगदी छान आहे हं." महालाचे कोणी पुसिले नव्हते. हे उत्तर विचित्र वाटले, परंतु अर्थ लागेना.

द्वितीयेस स्वारी निघाली. मुलीच्या घरी रिकाम्या हाती जाऊ नये म्हणोन रव्याच्या लाडवांचा डबा घेतला आणि डब्याखाली मोठी कापडी पिशवी चार घड्या करोन लपविली. बरोबर ऋजुता यंत्रासह, आणि अरविंदरावही. त्यांस कोणी बोलाविले नव्हते. चपला घालोन दारात उभे होते म्हणोन नेले. नदी ओलांडिली, जिना चढिला, दार मृण्मयीने उघडिले. तिने प्रथम आईकडे पाहिले आणि मग शोकेसकडे पाहिले, आणि तोंड उतरले. शोकेसवर लाल खण टांगिला होता, आत काही दिसत नव्हते. शैलजाबाई पुढे आल्या आणि बोलिल्या, "बसा, बसा." अरविंदराव बसले, ऋजुता बसली. सुहासिनीबाई दारापासून चार पावलांवर उभ्या. "बसा ना, विहीणबाई." "नको, उभ्याउभ्याच बरं. एक सांगायचं होतं." "आधी चहा." "चहा नको." मग शैलजाबाई खणाकडे हात करोन बोलिल्या, "ते झाकून ठेवलंय. दृष्ट लागते. बघायला फार येतात ना लोक." "हो का." "हो. फार येतात." मृण्मयी स्वयंपाकघराच्या दारात पदराचे टोक बोटास गुंडाळीत उभी होती.

टीपॉयवर त्या घरचे वर्तमानपत्र पडले होते. अरविंदरावांचा हात त्याजकडे गेला, हे ऋजुतेने पाहिले, आणि हात तेथून माघारी आला, हेही पाहिले. मग ते बोलिले, "सुहास, खाली बस." सर्वांनी त्यांजकडे पाहिले. ते बोलिले, "तुझे बाबा असेच उभे होते. मी घरातच होतो. एक 'बसा' म्हणायचं होतं, ते माझ्याच्याने झालं नाही. तू बस." एकोणतीस वर्षांत या विषयावर त्यांचे हे पहिले बोलणे. सुहासिनीबाई बसल्या. काही वेळ हातांतील डबा मांडीवर तैसाच होता. मग त्यांनी सर्व सांगितले, यंत्र काळे पडते ते, खोके ते, उद्याची मुदत ती, आणि शेवटी बोलिल्या, "रुखवतातलं काही मागे नेलं की पुढे काय ऐकावं लागतं, ते मी ऐकलंय. मृण्मयीने ऐकू नये. म्हणून तोंडातून शब्द निघत नव्हता."

शैलजाबाई उठल्या आणि खण ओढोन काढिला. महालाची दक्षिणेकडील भिंत ढासळली होती. चवळीच्या दाण्यादाण्यास गोल भोक, पायऱ्यांवर पिठाचा थर, आणि मसुराच्या तिसऱ्या पायरीवरून एक तपकिरी किडा सावकाश वर चढत होता, जैसा धनी आपल्या घरात चढतो. शैलजाबाई बोलिल्या, "मला वाटलं हिने तुम्हाला कळवलं, आणि तुम्ही जाब विचारायला आलात." मृण्मयी बोलिली, "मी नाही कळवलं. तुम्हीच म्हणालात ना, आईला कळू देऊ नकोस." "म्हणाले. पाच दिवस झाले, रोज गच्चीवर नेऊन ऊन देतेय. रंगाच्या ब्रशने किडे झाडतेय. आमच्या ह्यांच्याच्याने उचलवत नाही, मीच नेते. तुम्ही एवढं हाताने केलेलं, आणि माझ्या घरात आठ दिवससुद्धा धड राहिलं नाही. काय तोंड दाखवायचं तुम्हाला?" सुहासिनीबाईंनी जवळ जावोन एक दाणा उचलिला, चष्मा वर करोन पाहिला, आणि बोलिल्या, "हे तुमच्या घरात नाही झालं. अंडी माझ्या डब्यातूनच आली. चवळी गेल्या वर्षीची, नुसती निवडून लावली. आधी भाजून घ्यायला हवी होती." "पण तो शोकेसमधला दिवा..." "उबेने लवकर बाहेर पडले असतील. नाहीतर महिन्याने पडले असते." मग शैलजाबाई बोलिल्या, "मृण्मयी, चहा टाक. आल्याचा. आणि ती बारीक चाळणी आण."

तेव्हा गच्चीवर सतरंजी पडली आणि दोन्ही राज्यांनी मिळोन महाल उतरविण्यास आरंभ केला. कोमट पाण्याचे फडके घुमटांवर ठेवावे, खळ सुटे, मग बोथट सुरीने कमान अलगद काढावी, दाणे चाळणीत पडावे, किडे खाली जावे, आणि धड दाणे बाजूस पाखरांसाठी काढावे. शैलजाबाई चाळीत होत्या आणि सुहासिनीबाई सोडवीत होत्या. ही आपली कमान आपण मोडतो याचे दुःख जाहले की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. एका कमानीपाशी मात्र हात थांबला, तो शैलजाबाई बोलिल्या, "ही कशी वळवलीत हो? मुगाची ओळ तिरकी घेतलीत का?" "तिरकी. आणि खालून वर." "शिकवा मला." "आता?" "आता मोडतोच आहोत, तर उलटं शिकता येईल." मग त्या उलटे शिकल्या. खोक्याच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी होती ती पायऱ्यांखाली निघाली. मृण्मयी खोक्यावरील अंक वाची आणि ऋजुता यंत्राच्या पोटावरील पाही. आठ अंक जुळले, नवव्यावर एक मसूर घट्ट बसला होता. त्यावर कापूस भिजवोन ठेविला आणि पाच माणसे त्या एका मसुरापुढे बसोन राहिली. मग तो सुटला. खाली सात होता. यंत्रावरही सात. पुढील दोनही जुळले. चहा दोन वेळा जाहला. खोके आणि साचे पिशवीत भरतेवेळी शैलजाबाई बोलिल्या, "कोणी विचारलं महाल कुठे गेला, तर मी सांगणार, मी दिला. घरच्या माणसाने दिलं तर त्याला 'मागे नेलं' म्हणत नाहीत." सुहासिनीबाई कपातील चहा तळापर्यंत प्याल्या.

तृतीयेस सायंकाळी दुकानी खोके दाखल जाहले. तुषारने ते सर्व बाजूंनी पाहिले. पांढरे खोके आता चट्ट्यापट्ट्यांचे, बिबट्यासारखे दिसत होते. "हे काय चिकटलंय?" "खळ." "आणि वास?" "चवळीचा." तो नियमांचा कागद काढू लागला, तो ऋजुता बोलिली, "मी वाचलाय. खोकं मूळचं हवं, नंबर वाचता यावा, आतले साचे हवेत. स्वच्छ हवं असं लिहिलेलं नाही." त्याने कागद पाहिला, खरेच लिहिलेले नव्हते. मग त्याने चिठ्ठीवर तांबडा उजेड धरिला, त्या उजेडाच्या यंत्राने टुक ऐसा आवाज केला, आणि बदली मंजूर जाहली. नवे यंत्र आणिले, ते ऋजुतेने तेथेच चालविले आणि चाळीस मिनिटे समोर उभी राहिली, पडदा उजळच राहिला. तोवर तुषार खोक्याच्या कोपऱ्यातील एक चवळी नखाने काढीत होता. तो बोलिला, "काकू, माझ्या बहिणीचं लग्न आहे माघात. आईला असंच काहीतरी करायचंय. भिंत उभी कशी राहते?" सुहासिनीबाईंनी पाव तास समजावोन सांगितले, आणि शेवटी बोलिल्या, "कडधान्य आधी कोरडं भाजून घ्या म्हणावं. आणि खोकं कशाचं घेताय ते बघा." पंचमीस सकाळी नऊ वाजता ऋजुतेचे काम सुरू जाहले आणि मोकळी ठेविलेली पंधरावी ओळ तिने भरली. नवे खोके कपाटावर गेले, त्यास कोणी हात लाविला नाही.

आता जे शेवटले घडले ते लिहिणे आहे. षष्ठीस सुहासिनीबाई गॅलरीत ती कापडी पिशवी झाडीत होत्या. भुसा पडला, दोन चवळ्या पडल्या, आणि तळातून पितळी कडेची बारीक चाळणी बाहेर आली. विहिणीची चाळणी. आवराआवरीत खोक्याच्या पोटात बसोन आली होती. लामणदिवा ऐसाच आला होता, गडबडीत, कोणाच्याही मनात नसता. त्यांनी तत्काळ फोन लाविला आणि बोलिल्या, "विहीणबाई, तुमची चाळणी..." पलीकडून शैलजाबाईंनी वाक्य पुरे होऊ दिले नाही. "तरीच! दोन दिवस शोधतेय. मृण्मयीला म्हटलंच मी, तुझ्या आईला विचार, नेली असेल." फोनचा आवाज मोठा होता, घरभर ऐकू गेला. ऋजुतेची बोटे यंत्रावर थांबली. अरविंदरावांनी वर्तमानपत्र मिटोन गुडघ्यावर ठेविले आणि उठोन उभे राहिले. शैलजाबाईंस त्या जुन्या वाक्याची खबर नव्हती, ते त्यांस कोणी सांगितले नव्हते. सुहासिनीबाई क्षणभर चाळणीकडे पाहात राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांस कंप सुटला. ऋजुतेस वाटले रडतात, परंतु ते हसणे होते, प्रथम थोडे, मग इतके की दाराची चौकट धरावी लागली, आणि त्यातूनच त्या बोलिल्या, "नेली. मीच नेली. आणि देणार नाही." "नका देऊ. तुमचा लाडवाचा डबा आहे माझ्याकडे, तोही विसरा." "लाडू संपले का?" "कालच." मग बोलणे पाऊण तास चालिले. ते लिहिण्याजोगे नाही, कमानींविषयी होते.

येणेप्रमाणे वर्तमान. सारांश ऐसा की, लामणदिवा परक्याचा होता तो परक्यास पावला. महाल चवळीचा होता तो किड्यांनी आणि पाखरांनी वाटोन घेतला. खोके दुकानाचे होते ते दुकानात जमा जाहले. यंत्र चालते, बत्तीस मिनिटांची धास्ती उरली नाही. अरविंदराव वर्तमानपत्र आता वाचण्यासाठी उघडतात. चाळणी आजमितीस सुहासिनीबाईंकडे आहे, डबा शैलजाबाईंकडे आहे, आणि दोन्ही बाजूंकडून अद्याप मागणी आलेली नाही.